दारुडा असेल तर चालेल

मुरबाड
१ डिसेंबर २०२४

प्रिय महेंद्र,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन लावला की सासूबाई नेमक्या त्याच वेळी वाल सोलायला माझ्याशेजारी येऊन बसतात, आणि व्हॉट्सअॅप म्हणजे आमच्या घरचं वर्तमानपत्र, माझ्याआधी पोरगी वाचते. म्हणून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहिते आहे. हेडमास्तर आपल्या कारकुनाची पत्रं उघडत नसावेत असं धरून चालते.

तुझ्यासाठी स्थळ आहे. मुलीचं नाव संध्या. गाव सरळगाव, बीकॉम झालेली, इथल्याच एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात आहे. दिसायला छान, बोलायला मोजकी, म्हणजे तुझ्या अगदी उलट. तिचे वडील आणि मामा पंधरा तारखेला किन्हवलीला घर बघायला येणार आहेत.

आता नीट वाच. तुझ्या फिटबद्दल कुणापुढे अवाक्षर काढायचं नाही. तीन वर्षांत एकदाही आली नाही, म्हणजे नाहीच असं समज. गोळ्या आईच्या पेटीत असतात आणि रोज ती साऱ्या आळीला ऐकू जाईल असं "गोली खाल्लीस का रे" विचारते, ते बंद झालं पाहिजे. तिला सांग, डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, तू बरा झालास. तू गोळ्या सोडायच्या नाहीत. नव्या आण, शाळेच्या बॅगेत ठेव आणि गुपचूप घे. आईला खोटं बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा पाहुण्यांनी विचारलं तर तिला जे खरं वाटतंय तेच तिने सांगावं, अशी सोय आपणच करायची.

मला हे करायला आवडतंय असं नाही. पण तू एकतिसाचा झालास, आणि आधीची दोन स्थळं कशामुळे गेली ते मी तुला सांगायला नको.

तुझी ताई,
संघरत्ना


किन्हवली
७ डिसेंबर २०२४

ताईस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र आमच्या रघू शिपायाने दोन बोटांत लांब धरून आणलं. हल्ली पत्र येतं ते कोर्टाचं नाहीतर बँकेचं, असा त्याचा अनुभव आहे. मी उघडेपर्यंत तो टेबलाजवळून हलला नाही.

तर कळवायला आनंद होतो की मी बरा झालो. गुरुवारी संध्याकाळी, ओटीवर, भाकरी खाता खाता बरा झालो. आई म्हणाली, "कोन डाक्टर बोलला?" मी म्हटलं, आपले नेहमीचेच. "त्याला काय कलतंय," एवढं बोलून ती चुलीपाशी गेली. वीस वर्षं ज्या डॉक्टरच्या नावाने तिने मला जागरण करू दिलं नाही की विहिरीत पोहू दिलं नाही, त्या बिचाऱ्याची डिग्री एका वाक्यात गेली. पेटीत उरलेल्या गोळ्या टाकून दे म्हटलं, तर "टाकते" म्हणाली. विषय एवढा सहज मिटला याचं मलाच नवल वाटलं.

गोळ्या आता मी न्हाणीत जाऊन घेतो. बिडी ओढणारी पोरं जशी जातात तसाच जातो.

एक शंका आहे. दर पौर्णिमेला आपण विहारात पंचशील म्हणतो. त्यात खोटं बोलू नये असं आहे, दारू पिऊ नये असं आहे. फिट येऊ नये असं काही मला सापडलं नाही. म्हणजे जे लपवतोय त्याला कुठेच मनाई नाही, आणि लपवण्यासाठी जे करतोय त्याला आहे. तू मोठी आहेस, विचार करून सांग.

तुझा रोगमुक्त भाऊ,
महेंद्र


किन्हवली
६ जानेवारी २०२५

ताईस,
सविनय जयभीम.

पाहुणे खूश होऊन गेले हे तुला कळलंच. मामांनी भिंतीवर टिचक्या मारून पाहिल्या, वडिलांनी नोकरी पर्मनंट आहे का ते मला, आईला आणि शेजारच्या जनाकाकूला वेगवेगळं विचारलं. मी बरा झालो हे आईने काकूलाही आधीच सांगून ठेवलं होतं. जाताना आईला म्हणाले, "पोराला काय दुखणा-बिखणा?" आई म्हणाली, "व्हता. आता डाक्टरच बोलला, बरा झाला." कसलं दुखणं ते मामांनी विचारायच्या आत मी चहाचा ट्रे पुढे केला. तुझी योजना चालली, म्हणजे चहामुळे चालली.

संध्याशी फोनवर बोलणं होतं. ती कमी बोलते हे खरं, पण ऐकते फार नीट, त्यामुळे मी काहीही बोलून जातो. मला ती आवडली आहे. हे तुला लिहिताना लाज वाटते, पण लिहून टाकलं.

आता दुसरं. गेले काही दिवस माझे पाय माझं ऐकत नाहीत. शाळेत जाताना सरळ निघतो आणि गटाराच्या कडेला पोचतो. फळ्यावरची एक सूचना दोन दिसते. हेडमास्तरही दोन दिसतात, आणि ते एक होते तेव्हाच पुष्कळ होते. बोलताना जीभ जड होते, दुपारी हजेरीपटावर डोकं टेकतं. ही फिट नाही. फिट माझ्या ओळखीची आहे, ती येते, पाडते आणि जाते. हे पाहुणा म्हणून आलंय आणि उठायचं नाव घेत नाही.

मला भीती वाटते, ताई. डोक्यात काही नवीनच सुरू झालं असेल तर? एवढी वर्षं एका आजाराशी जमवून घेतलं, आता दुसरा आला तर मला तो झेपणार नाही. शहापूरच्या दवाखान्यात जाऊन येतो.

महेंद्र


मुरबाड
१८ जानेवारी २०२५

प्रिय महेंद्र,
सप्रेम जयभीम.

शहापूरच्या दवाखान्यात पाऊल टाकू नकोस. तिथे केसपेपर करायला बसते ती संध्याच्या मामांची सून आहे. तू आत शिरलास की बाहेर पडायच्या आधी तुझा आजार सरळगावला पोचलेला असेल.

आणि तुला म्हशाच्या जत्रेत कोणी जायला सांगितलं होतं? मामा तिथे बैल बघायला आले होते. त्यांनी तुला घोंगड्यांच्या दुकानांपाशी झोकांड्या देताना पाहिलं. हाक मारली, तर तू जडावलेल्या जिभेने जयभीम म्हणालास आणि त्यांच्याऐवजी शेजारच्या बैलवाल्याला हात जोडलेस. परवा ते आणि वडील दोघं आमच्याकडे आले. त्यांचे चेहरे बघून मी पाणी द्यायचं विसरले. संपलं, असंच वाटलं मला.

मामा म्हणाले, "पोरगा थोडी घेतो वाटतं."

मी पाण्याला आत वळले. तर मामाच पुढे म्हणाले, "जत्रा हाय, चालायचाच. आता कोन नाय घेत? लगीन झाला का सुटते." वडिलांनी विचारलं, "कामावर खाडे नाय ना करत?" दाजी म्हणाले, नाही. मग सगळ्यांनी चहा घेतला, आणि साखरपुडा दोन मार्चला ठरला.

तेव्हा सध्या तू दारू पितोस. मार्चपर्यंत पीत राहा. तुझ्या पायांना आणि जिभेला आता लोकांना पटणारं कारण मिळालं आहे, त्याला धक्का लावू नकोस. साखरपुडा होऊ दे, मग आपण कल्याणला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मलाही काळजी आहे. पण डॉक्टर मार्चमध्येही असतील, हे स्थळ नसेल.

ताई


किन्हवली
२७ जानेवारी २०२५

ताईस,
जयभीम.

दारू पिण्याचे एवढे फायदे असतात हे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

तुला आठवतं, शाळेत असताना मला फिट आली की जनाकाकू आपल्या पोरांना घरात ओढून दार लावायची. परवा मी रस्त्यात डगमगलो तर तीच काकू माझा दंड धरून मला घरापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "आमचा म्हाताराबी असाच व्हता रे. पन मनाचा चांगला." रघू शिपाई, जो आजवर माझ्या डब्याशेजारी डबा ठेवायचा नाही, त्याने मला शनिवारच्या बैठकीला बोलावलं आहे. चकणा त्याचा. हेडमास्तर सकाळी फाईल मागायच्या निमित्ताने माझ्या तोंडाजवळ नाक आणतात आणि वास येत नाही म्हणून आणखी चिंतेत पडतात. काल त्यांनी मला बसवून समजावलं की माणसाने प्रमाणात घ्यावी. इतकं आपुलकीने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. वीस वर्षं मी या गावात आजारी होतो तेव्हा माझ्याजवळ कोणी बसत नव्हतं. आता वाया गेलोय म्हटल्यावर सगळे जवळ सरकलेत.

एकटी संध्या रागावली. तिने फोन करून विचारलं, "तुम्ही पिता?" मी नाही म्हटलं. जीभ तेव्हाही जड होती. ती म्हणाली, "सगळे असंच सांगतात," आणि फोन ठेवला. त्यानंतर उचललेला नाही. मी खरं बोललो तेवढं एकच वाक्य, आणि तेच तिला खोटं वाटलं.

काल एका दाखल्यावर सही करायची होती. माझंच नाव मला धड लिहिता येईना. तीन कागद फाडले. कोणी बघू नये म्हणून तुकडे खिशात घातले. तू मार्चपर्यंत थांब म्हणतेस. डोक्यात गाठ असेल तर ती थांबायला तयार आहे का, तेवढं तिच्याशी बोलून ठरव.

महेंद्र


किन्हवली
१६ फेब्रुवारी २०२५

ताईस,
जयभीम.

अक्षर वाकडं आहे, कारण कागद दाबून धरायला डावा हात नाही. तो प्लास्टरमध्ये आहे. शाळेच्या पायऱ्या उतरताना मला एका पायरीच्या जागी दोन दिसल्या आणि मी नेमकी नसलेली निवडली.

हेडमास्तरांनी स्वतःच्या गाडीतून मला कल्याणला नेलं. हाडाच्या डॉक्टरांना ते हळूच म्हणाले, "जरा सवय आहे यांना." त्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मेंदूच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मला सरळ रेषेत चालायला लावलं, त्यांच्या बोटाला आणि माझ्या नाकाला आळीपाळीने हात लावायला सांगितला. नाक सापडायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "फिटच्या गोळ्या घेता का?" मी हेडमास्तरांकडे पाहिलं, हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी हो म्हटलं. ताई, ते हो म्हणताना मला इतकं मोकळं वाटलं की मोडलेल्या हाताचंही काही वाटलं नाही.

रक्त तपासलं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाले, रक्तात औषध फार चढलंय, तुम्ही गोळ्या जवळजवळ दुप्पट घेताय. पाय, जीभ, डोळे, झोप, सगळं त्यानेच. मी शपथेवर सांगितलं की ठरल्यापेक्षा एकही जास्त घेत नाही. ते म्हणाले, "मग घरात तुमच्या वतीने आणखी कोण घेतंय?"

घरी आलो. आई पाट्यावर सुकटीची चटणी वाटत होती. विचारलं, तर तिने हातही थांबवला नाही. "मंग काय करू? त्या डाक्टरचा काय जातंय बंद कर बोलायला. पडशील तू, त्यो येनार हाय का उचलायला? पेटीत तीन म्हैन्यांच्या व्हत्या, कुटून चटनीत घातल्या. सुकटीत कडूपना कलत नाय." डिसेंबरपासून, रोज. म्हणजे बॅगेतल्या गोळ्या मी घ्यायचो आणि पेटीतल्या ती मला भरवायची. पुन्हा मी रोज चटणी मागून घ्यायचो. हल्ली चटणी जमते तुझी, असंही तिला म्हणालो होतो.

मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं. पण ओरडणार काय? डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या हे खोटं आपण तिला सांगितलं, आणि तिने त्या खोट्यापासून मला वाचवायला जे सुचलं ते केलं. मी बॅगेतल्या गोळ्या तिच्यासमोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. ती पाट्यावरून उठून माझ्या प्लास्टरवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला सांगितला असता तर माझ्या पोटात रायला नसता काय?" मी बॅगेतल्या गोळ्या पुन्हा तिच्या पेटीत ठेवल्या.

औषध आता बेताने दिलंय, रोज जरा जास्त सरळ चालतो. डोक्यात गाठ नाही, नवा आजार नाही. मी संध्याला सगळं खरं सांगणार आहे.

महेंद्र


मुरबाड
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय महेंद्र,

आईच्या चटणीवर मी आधी हसले, मग भांडी घासता घासता रडले. युक्ती माझी होती आणि हात तुझा मोडला. मला शिव्या दे, मी ऐकून घेईन.

पण सांगू नकोस. आता खरं कारण लिहिते, जे तुला कधी सांगितलं नाही. माझ्या सासरी तुझ्या फिटचं कोणालाच माहीत नाही. माझं लग्न ठरताना मी ते लपवलं. तेव्हा वाटलं, पुढे कधीतरी सांगू. तेरा वर्षं झाली, ते पुढे कधी आलंच नाही. तुझे दाजी भले आहेत, पण सासूबाईंना तू ओळखतोस, चुकीची घडी घातलेली साडीही त्या आठवडाभर लक्षात ठेवतात. उद्या माझ्या पोरीला उन्हातान्हात साधी चक्कर आली तरी सगळे माझ्या माहेराकडे बोट दाखवतील. आणि मी फसवून या घरात आले, हे तर खरंच आहे.

हात मोडल्याचंही लोकांनी दारूवर लिहून टाकलंय. अजून थोडे दिवस राहू दे ना तसंच. मी हात जोडते.

ताई


किन्हवली
२३ फेब्रुवारी २०२५

संध्या यांस,
जयभीम.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहितो आहे. मी दारू पीत नाही. मला फिट येतात. अकरा वर्षांचा होतो तेव्हा पहिली आली, शेवटची येऊन तीन वर्षं झाली. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, कदाचित. लग्न करता येतं, नोकरी करता येते, मुलं होऊ शकतात. गाडी चालवता येत नाही, म्हणून मी एसटीने फिरतो. बैलगाडीतही आई बसू देत नाही.

जत्रेत मामांनी पाहिलं तो मीच होतो. गोळ्या बंद झाल्या असं मी आईला खोटं सांगितलं, तिने काळजीने त्या मला चटणीतून दिल्या, म्हणून औषध जास्त झालं होतं, त्याने पाय डगमगत होते. डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे. हे आधी सांगायला हवं होतं. लपवायचं ठरलं तेव्हा मीही त्यात होतो, कोणी माझं तोंड बांधलं नव्हतं.

माझ्या बहिणीच्या सासरी ही गोष्ट माहीत नाही. तुमच्याकडून ती तिथे पोचेल आणि तिला त्रास होईल, हे मला कळतं. सांगू नकोस म्हणून ती हात जोडून मागे लागली आहे. तरी लिहितो आहे, कारण तुम्ही मला नाही म्हणालात तर ते माझ्या खऱ्या कारणासाठी म्हणावं. दारूसाठी नको. ती मी अजून चाखलेलीही नाही.

महेंद्र


मुरबाड
६ मार्च २०२५

महेंद्र,
जयभीम.

तू लिहिलंसच. पत्र टाकल्यावर मला फोन केलास, तेव्हा मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. आता बोलते.

एक तारखेला संध्याचे वडील आणि मामा आले. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, तेही सगळे घरी असताना. मामा ओरडले, "फसवलात तुमी. पोरगा पितो तो आमी चालवून घेतला. फिटचा कोन चालवून घेनार?" मी भिंतीला टेकून उभी होते. तुझ्या दाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मला जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. म्हणाल्या, "ओरडताव कशाला? मला तेरा वरसं म्हाईत हाय. हिच्या लग्नात तो मांडवामागं पडला, तवा त्याच्या तोंडाचा फेस या पदराने मी पुसलाय. पोरगा उठला, हात धुतलान आन पंगतीत वाढायला लागला. तुमच्या पिनाऱ्यांतला एक दाखवा असा." मामा टोपी घालून उठले. पण साखरपुडा मोडूनच ते गेले.

ते गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? म्हणाल्या, "तू सांगशील म्हनून वाट बघत व्हते. तू सांगितला नाय, मंग मी कशाला सांगू मला ठावं हाय?" तेरा वर्षं आम्ही दोघी एका चुलीपाशी एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होतो. दाजी दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, महेंद्रला सुट्टीत इकडे बोलाव.

आता फोन करायला काही हरकत नाही. पण सासूबाई म्हणतात, भावाला लावशील तेव्हा मलाही दे, त्याला खाण्यापिण्याचं सांगायचंय. तेव्हा आपली पत्रंच बरी. माझं घर राहिलं आणि तुझं स्थळ गेलं. मी ज्याला घाबरत होते ते झालंच नाही, आणि भरलंस ते तू. मला फार वाईट वाटतं रे.

तुझी ताई


सरळगाव
१२ मार्च २०२५

महेंद्र यांना,
जयभीम.

घरच्यांचं म्हणणं तुम्हाला कळलं असेल. माझं कळवते.

तुमचं पत्र दोन दिवस कंपनीच्या बॅगेत घेऊन फिरले, मग मीच घरी दाखवलं. आधी राग आला. तुम्ही फोनवर खरं बोललात आणि मी ठेवून दिला, याचा माझ्यावरच आला. तुमच्या आईंशी तुम्ही खोटं बोललात, त्याचा तुमच्यावर आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मुलगा पितो असं ठरलं तेव्हा चालेल का म्हणून मला घरात कोणीही विचारलं नव्हतं. माझा भाऊ पितो. वहिनीचं काय होतं ते आमच्या घराची भिंतही सांगेल, तरी लग्नानंतर सुटते असं मामा तिच्यासमोर बसून सांगत होते. आता फिट म्हटल्यावर आत्या कल्याणहून आली, काका आसनगावहून आले, आणि सगळे मिळून माझ्या आयुष्याचा विचार करतायत. माझ्या आयुष्याला एवढी माणसं पहिल्यांदाच लाभली.

मी हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही. मला भीती वाटते. माझ्यासमोर तुम्ही पडलात तर मी काय करेन, हे मला माहीत नाही. मोबाईलवर पाहिलं तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. म्हणून तुम्हालाच विचारते. फिट आली की जवळच्या माणसाने नेमकं काय करायचं असतं?

संध्या


किन्हवली
१६ मार्च २०२५

संध्या यांस,
जयभीम.

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. डॉक्टर आईला सांगतात, आई शेजाऱ्यांना ओरडून सांगते, आणि शेजारी त्यांना पटेल ते करतात. मी बेशुद्ध असतो, त्यामुळे माझं मत कोणी घेत नाही.

आधी आजूबाजूचं टोकदार, गरम, पाण्याचं जे असेल ते लांब करा. डोक्याखाली ओढणी, पिशवी, मिळेल ते मऊ सारा. हातपाय झटके देतात ते देऊ द्या, दाबून धरू नका. जमेल तसं मला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ घशात जाणार नाही. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. चप्पल आणि कांदा घेऊन गावातली अनुभवी मंडळी धावत येतील. त्यांना आदराने थांबवा, चप्पल त्यांच्याच पायात राहू द्या. घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेलं, किंवा एक थांबून लगेच दुसरी आली, तर १०८ला फोन करून गाडी बोलवा. एरवी ती आपली आपण थांबते. तुम्ही घाबराल. घाबरलात तरी चालेल, मी तेव्हा बघत नसतो.

शेवटचं कुठल्याही डॉक्टरच्या कागदावर नाही, पण मला सगळ्यात जास्त हवं आहे. जाग आली की मला काही आठवत नाही. भोवती माणसं असतात आणि सगळी दुसरीकडे बघत असतात. मी विचारतो, काय झालं? आई म्हणते, "काय नाय, डोला लागला व्हता तुझा." बाकीचेही तसंच काहीतरी म्हणतात. माझ्या शर्टाला माती असते, जीभ चावलेली असते, आणि मी बरं म्हणतो. वीस वर्षं मी माझ्याच आयुष्यातल्या या गोष्टी ऐकीव खोट्यावर काढल्या आहेत.

आपलं लग्न होवो न होवो. उद्या तुम्ही सरळगावच्या स्टँडवर असाल आणि मी तिथे पडलो, तर जवळ थांबा. मी डोळे उघडून काय झालं विचारलं, की मला खरं सांगा.

महेंद्र